पाच पाण्यांचा फोटो

अप्पा, परवा नातीनं माझा तो फोटो भिंतीवरून खाली काढला. तुम्ही माझ्या लग्नात दिलेला. ती पुण्यात फोटोग्राफी शिकते, त्यामुळे हल्ली घरातल्या प्रत्येक वस्तूकडे डोळे बारीक करून बघते. फ्रेम उलटी केली, मागचे खिळे सोडवले, फोटो खिडकीशी नेला आणि ओरडलीच, "आजी, हा लिथ प्रिंट आहे! आता लोक परदेशातनं औषधं मागवून असे करतात. सोलापुरात तेव्हा कोण करत होतं?" मी म्हटलं, "आमचे अप्पा करत होते, आणि मीसुद्धा." तिचा विश्वास बसेना. आजीनं आयुष्यात पुरणपोळीपलीकडे काही केलं असेल हे नातवंडांना पटतच नाही. मग मी तिला सगळं सांगत बसले. तुमचा स्टुडिओ, लाल दिवा, दोन पुड्यांचं औषध, तुमच्या मंडळींचा, अक्कांचा फोटो. तो फोटो पुढे पिवळा पडला आणि तुम्ही लिथ कायमचं सोडलंत, हेही सांगितलं. "का पडला पिवळा?" तिनं विचारलं. "दुष्काळ होता गं, धुवायला पाणी नव्हतं," मी म्हटलं. तिनं मान डोलावली आणि मोबाइल काढला. तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि तुम्हाला मी तेवढंही कधी सांगितलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत त्या औषधाला दोष देत राहिलात. औषधाचा काही दोष नव्हता, अप्पा. अक्कांचा फोटो मी धुतला होता आणि कमी धुतला होता.

मी तुमच्याकडे आले ती रीटचिंगच्या, म्हणजे फोटोवरचे डाग ब्रशनं झाकायच्या कामाला. बावीस वर्षांची, चित्रकलेची परीक्षा पास झालेली आणि शाळेत नोकरी न मिळालेली. वडील गिरणीत जॉबर. पोरगी फोटोच्या दुकानात, तेही अंधाऱ्या खोलीत, परक्या पुरुषाबरोबर काम करणार हे आईच्या पचनी पडेना. शेवटी ती स्वतःच पाहणीला आली आणि निवडायला तांदूळ घेऊन दोन दिवस तुमच्या बाकावर ठाण मांडून बसली. तुम्ही तिला चहा पाजलात, डार्करूमला दार नाही, नुसता दुहेरी काळा पडदा आहे हे उघडून दाखवलंत आणि म्हणालात, "वैनी, हितं अंदार हाय खरा, पर पडद्याभाईर सगळी गल्ली हाय की. पोरीनं एक हाक मारली तर अर्दं सोलापूर गोळा हुईल." तिसऱ्या दिवशी आई आली नाही. तुमचं मैंदर्गीचं घर कानडी आणि दुकान मराठी, त्यामुळे बोलताना दोन्ही भाषा एकमेकींच्या ताटात जेवायच्या, पण रागावलात की मराठी पार पळून जायची. तो राग मी पहिल्याच महिन्यात बघितला. एका लग्नाचे फोटो मी घाईघाईत दोन पाण्यांतून काढून वाळत घातले होते. तुम्ही एक उचललात आणि त्याचा कोपरा चक्क जिभेला लावलात. "गोड लागतंय. हायपो हाय अजून, फोटो पक्का करायचं औषद." आधी कानडीत बरंच काही झालं, ते मला कळलं नाही हे बरंच झालं. मग मराठीत म्हणालात, "हायपो राहिला की फोटो पोटातनं मरतो, पोरी. आज ब्येस दिसतोय. चार वर्सानं त्या नवरीचं तोंड पिवळं पडंल, आन् ती म्हनंल फोटोवाला चोर. पाच पाणी म्हंजे पाच पाणी." सगळे फोटो पुन्हा हौदात गेले आणि मी संध्याकाळपर्यंत पाणी बदलत उभी राहिले. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला उरलेली नाही.

लिथचं वेड तुम्हाला लागलं ते चादरींच्या लेबलांमुळे. पलीकडच्या गल्लीत लेबलं छापणारा एक छापखाना होता, त्यांच्याकडे खोलीएवढा कॅमेरा होता आणि तो चालवणारा माणूस तुमचा दोस्त. त्याच्या त्या लिथच्या औषधाचं तुम्हाला फार कौतुक. काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं, मधलं काही ठेवतच नाही. दोन वेगळ्या पुड्या, दोन वेगळी पाणी. एकत्र केली की काही तासांत औषध मरतं, मग तो ते मोरीत ओतायचा. "ह्याच्यात आपला फोटोचा कागद टाकला तर?" एवढा एक प्रश्न तुम्ही घेऊन आलात आणि त्यानं आपली दोन वर्षं खाल्ली. पहिला दिवस मला अजून दिसतो. लाल दिवा, डोळ्यांना झोंबणारा वास, ट्रेमध्ये कागद, आणि आपण दोघं खुळ्यासारखे त्याच्याकडे बघत उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कागद कोरा तो कोराच. मी विचारते, "अप्पा, कागद पालथा पडलाय का?" तुम्ही बोट वर करता. "तडी." म्हणजे थांब. मग कुठेतरी एक करडा डाग उमटतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता दूध उतू जावं तसा काळा रंग सगळीकडे पसरतो. "साकु! साकु!" तुम्ही ओरडता. पुरे, काढ. मी चिमट्यानं कागद उचलेपर्यंत त्याचा कोळसा झालेला असतो. तुम्ही इतके खूष की तो कोळसाच वाळत घातलात.

पुढे हळूहळू त्याची नस सापडत गेली. कागदाला नेहमीच्या तिप्पट-चौपट उजेड द्यायचा, औषध पाण्यानं पार पातळ करायचं आणि धीर धरायचा. उजेड जास्त दिला की पांढऱ्या भागात जीव येतो. काळं किती ठेवायचं ते कागद बाहेर काढायच्या क्षणावर. ताजं औषध तुम्हाला आवडायचं नाही. कालचं वापरलेलं, चहासारखं झालेलं औषध तुम्ही बाटलीत राखून ठेवायचा आणि नव्यात वाटीभर घालायचा. मी त्याला विरजण म्हणायचे. तुम्हाला ते नाव आवडलं, पुढे तुम्हीही दोस्ताकडे "इरजान हाय का रं?" म्हणून बाटली पाठवायला लागलात. सोलापूरच्या उन्हाळ्याला आजवर कोणी चांगलं म्हटलं नसेल, पण लिथनं म्हटलं. एरवी औषध तापू नये म्हणून आपण ट्रेखाली बर्फ ठेवायचो, आणि इथे गरम औषधात उलट रंग खुलायचे. कागदांची तऱ्हा मात्र माणसांसारखी. देशी चकचकीत कागद तर मख्खच, सगळा एकदम काळा नाहीतर सगळा कोरा. दुसरा एक कागद बरा निघाला, पण त्याच्यावर रव्यासारखे ठिपके यायचे. मग अकलूजचा एक स्टुडिओ बंद झाला, तिथून तुम्ही एक जुनं पाकीट आणलंत. मुदत कधीच संपलेली, कडा तपकिरी. त्या कागदावर पहिला प्रिंट आला तो आपण पडदा सारून उजेडात नेला. उजळ भागात भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला होता. त्या पाकिटात थोडेच कागद होते, आणि ते कुणासाठी ठेवायचे हे तुम्ही त्याच क्षणी ठरवलंत, हे मला तुमच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

अक्कांना मी पाहिलं नाही. मी यायच्या सहा वर्षं आधी त्या गेल्या होत्या. सगळ्या सोलापूरचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा एकच फोटो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पायरीवर बसून सुपात ज्वारी निवडताना त्यांनी वर पाहिलं आणि हसल्या, तेवढ्यात तुम्ही कळ दाबली होतीत. ऊन थेट चेहऱ्यावर. निगेटिव्हमध्ये चेहरा इतका दाट होता की साध्या प्रिंटमध्ये तिथे नुसता चुना फासल्यासारखा पांढरा डाग यायचा. नाक-डोळे आणावेत म्हणून उजेड वाढवला की लुगडं, सूप, दार सगळं काळ्यात बुडायचं. "तोंड हाय त्याच्यात," तुम्ही म्हणायचात, "भाईर येत न्हाय, एवडंच." अकलूजच्या कागदावर तुम्ही चार वेळा चुकलात. पाचव्या वेळी चिमटा माझ्या हातात दिलात. तुम्ही "तडी, तडी" म्हणत होतात, अक्कांच्या गालाची कड आली, मग डोळे, मग हसताना पडलेली ती बारीक सुरकुती. सुपाखालची सावली काळी व्हायला लागली आणि तुम्ही "साकु" म्हणायच्या आत मी कागद उचलला. एरवी तुम्ही रागावला असता. त्या दिवशी तुम्ही पडद्याची कड धरून उभे राहिलात आणि मी दुसरीकडे बघितलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढचा उन्हाळा होता तो. नळाला चार-पाच दिवसांनी अर्धा तास पाणी, गल्लीतली विहीर खारी. गिऱ्हाइकांचे फोटो आपण खाऱ्या पाण्यात धुऊन शेवटचं एक पाणी गोडं द्यायचो. अक्कांच्या फोटोसाठी मात्र तुम्ही आठवडाभर घागर घागर गोडं पाणी आणून एक पिंप भरलं होतंत, झाकण घालून वर दगड ठेवला होता. प्रिंट झाला त्याच दुपारी तुम्हाला पुतणीच्या सोयरिकीसाठी मैंदर्गीला जायचं होतं, ते तुम्ही मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. फोटो हायपोतून काढून तुम्ही माझ्यापुढे ठेवलात. "पिंपातलं पाणी तुज्या हवाली. पाच पाण्यातनं काढ. घाई करू नगं." मी म्हटलं, "तुम्ही परत आल्यावर स्वतः धुवा की." तर म्हणालात, "तू हायस की." आणि पिशवी घेऊन एसटी गाठायला गेलात. मी दोनच पाणी दिली, अप्पा. तीन राहिली. का राहिली ते लिहिणार आहे, आधी बाकीचं लिहून घेते. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर होते, कुर्डुवाडीहून पाहुणे मला बघायला आले होते. तिसऱ्या दिवशी आले तर तुम्ही वाळलेला फोटो मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. "आली बग," म्हणालात, मला की अक्कांना कोण जाणे. पिंप रिकामं होतं, ते बघून तुम्ही समाधानानं मान हलवलीत. गिऱ्हाइकांचा प्रत्येक फोटो जिभेला लावणारा माणूस, पण त्या फोटोचा कोपरा तुम्ही जिभेला लावला नाहीत. धुतला मी होता ना.

कुर्डुवाडीच्या पाहुण्यांकडून होकार आला. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, शांत, निर्व्यसनी. दिवाळीनंतर लग्न झालं. लग्नात तुम्ही मला माझा फोटो दिलात, त्याच अकलूजच्या कागदावर, त्याच औषधात केलेला. खांद्यावरून वेणी पुढे घेतलेली मी, गालांवर तो शेंगदाण्याचा रंग. "सोता धुतलाय," एवढंच म्हणालात. हे म्हणायचे, "तुझ्यापेक्षा हिचाच चेहरा जास्त प्रेमळ आहे," आणि फोटोकडे बोट दाखवायचे. त्या फोटोला आज पन्नास वर्षं होतील, आणि तो काल वाळत घातल्यासारखा आहे. म्हणजे कागद तोच, औषध तेच, हायपो तोच. फरक फक्त कुणी धुतला याचा. हे तुम्हाला कळायचं कारण नव्हतं, तो फोटो कुर्डुवाडीला माझ्या घरात होता. मला रोज चहा गाळताना दिसत होता.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मी मुलीला घेऊन माहेरी आले आणि तुम्हाला भेटायला स्टुडिओत आले. मुलगी तीन वर्षांची. तुम्ही तिला उचललंत, तिच्या हातावर खडीसाखर ठेवलीत. आणि माझं लक्ष भिंतीकडे गेलं. अक्कांचा चेहरा पिवळा पडला होता. कपाळाकडून सुरू झालेला तो पिवळा डाग डोळ्यांपर्यंत आला होता, आणि गालाची जी कड आपण दोन वर्षं शोधत होतो ती पुसट होऊन गेली होती. तुम्ही माझी नजर बघितलीत. "औषदच दगाबाज निगालं, पोरी. लेबलं छापायचं औषद ते, मान्साचं तोंड ठेवायचं त्याच्यात काय काम? मीच खुळा." मी म्हटलं, "दुसरा करू या की अप्पा, निगेटिव्ह आहे." "आन् तेबी चार वर्सात मरंल. दोनदा मरू दे व्हय तिला?" मी सांगणारच होते. धुणं कमी पडलं, औषध चांगलं आहे, माझ्या घरी पुरावा टांगलाय, एवढीच तीन वाक्यं. तेवढ्यात मुलगी चित्र काढायला कागद मागायला लागली. तुम्ही कपाट उघडलंत आणि अकलूजचं पाकीट काढलंत. त्यात दोन कागद शिल्लक होते. भर उजेडात तुम्ही ते काळ्या वेष्टणातून बाहेर ओढलेत आणि खडूबरोबर तिच्यापुढे ठेवलेत. मी बघत राहिले. उजेड लागताच कागद हळूहळू जांभळट होत गेला आणि मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "आई, कागद आपोआप रंगतोय!" तुम्ही तिच्याबरोबर हसलात. मी चहाच्या कपबशा उचलून मागे नेल्या आणि बराच वेळ विसळत बसले.

नंतर तुम्ही लिथचं नाव काढलं नाहीत. पासपोर्टचे फोटो, लग्नांचे अल्बम, बस. विरजणाची बाटली मी पुढच्या खेपेला शोधली तर तीत गोडं तेल होतं. तुम्ही गेलात तेव्हा माझा धाकटा पोटात होता, मला येता आलं नाही. तुमच्या पुतण्यानं स्टुडिओ विकला आणि निगेटिव्ह चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याला दिली, त्यात अक्काही गेल्या. मी बोलले असते तर त्या दोन कागदांपैकी एकावर त्या आज असत्या आणि तुम्ही शेवटची वर्षं त्यांच्याकडे बघत काढली असतीत. तुमची ती वर्षं मी वाया घालवली, आणि तीसुद्धा तुमच्या नजरेतून उतरू नये म्हणून. तेवढ्याचसाठी, दुसरं काही कारण नाही.

आता ती तीन पाणी. नातीला मी सांगितलं पाणी नव्हतं. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा तुम्हालाही तेच लिहायचा विचार होता. पाणी होतं, अप्पा. आमच्याकडे घरी नव्हतं. तीन आठवडे डोक्यावरून अंघोळ झाली नव्हती, केस तेलानं आणि धुळीनं चिकटलेले, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे. आई म्हणाली होती, "पदर घट्ट घे डोक्यावरनं, दिसणार न्हाई काय." याआधी दोन स्थळं परत गेली होती. तुमची एसटी सुटली असेल एवढा वेळ मी जाऊ दिला. फोटोला दोन पाणी दिली, कोपरा जिभेला लावला, गोड लागला, आणि मी तो वाळत घातला. मग स्टुडिओचं दार लावलं आणि पिंपातल्या उरलेल्या पाण्यानं मागच्या मोरीवर केस धुतले, शेवटच्या तांब्यापर्यंत. इतकं गार, गोडं पाणी. मला फार बरं वाटलं. हे पुढे जन्मभर प्रत्येक लग्नकार्यात लोकांना सांगायचे, "आम्ही केस बघून होकार दिला." सगळे हसायचे, मीही हसायचे. त्यांच्याबरोबर संसार चांगला झाला, अप्पा, त्याचं मी खोटं वाईट वाटून घेणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, नातीलाही दाखवायचं नाही. तिला दुष्काळच राहू दे. पण तुम्हाला लिहायचंच तर शेवटचं एवढं लिहिते. समोर पाणी बघून मोह झाला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. त्या दिवशी सकाळी घरून निघतानाच शिकेकाईची पुडी मी पदरात बांधून घेतली होती.